माळ्यावरचं सामान

मंगळवार, ७ फेब्रुवारी

तळघर रिकामं झालं! हे एक वाक्य लिहिता यावं म्हणून मी ही वही आणली, असं म्हटलं तरी चालेल.

आजोबांनी नाटक कंपनी काढली, हे थिएटर बांधलं, आणि त्याबरोबर एक नियम करून ठेवला: प्रेक्षकांनी पाहिलेली वस्तू मोडायची नाही. बाबांनी तो पाळला, आता तो माझ्या गळ्यात आहे. त्यामुळे लोखंडी जिने, प्लास्टरचे खांब, एक अख्खी होडी, सिंहासनं (एका कंपनीला इतके राजे लागतात कशाला?), देखावे टांगायची ओतीव लोखंडाची वजनं, सगळं पिढ्यान्‌पिढ्या तळघरात कोंबलेलं होतं. आता ते सगळं मोठ्या थिएटरच्या छतावरच्या माळ्यावर गेलं. तळघरात माझं छोटं थिएटर होईल, नव्या मुलांच्या नव्या नाटकांसाठी.

सुतारमामा आणि त्यांच्या माणसांचं कंबरडं मोडलं. शेवटचा जिना वर चढवून मामा खाली आले आणि घाम पुसत म्हणाले, "कडेनं चालायला वाट ठेवलीय ताई. बाकी सगळं मधोमध रचलंय. एकदम शिस्तीत."

धाकट्याला (माझा भाऊ, कंपनीचा नायक, दिग्दर्शक आणि लाडोबा) हे सगळं खूळ वाटतं. वाटू दे. विश्वस्तांचे अध्यक्ष माझ्या तोंडावर म्हणाले होते, "मोठं थिएटर आता भरत नाही. कुलूप लावू या. कंपनीनं गावोगाव दौरे करावेत." मी म्हटलं, अकरा मार्चला आजोबांचं पहिलं नाटक पुन्हा लावतो. थिएटर भरून दाखवते. एक खुर्ची जरी रिकामी राहिली तरी किल्ल्या मी स्वतः तुमच्या टेबलावर आणून ठेवीन.

बोलून बसले खरी. तेव्हापासून रोज खुर्च्या मोजतेय.

शनिवार, ११ फेब्रुवारी

तळघर बघायला इंजिनियर आले होते. भिंतींवर टकटक केली, कोपऱ्यात वाकून पाहिलं, म्हणाले, तळघर भक्कम आहे, खुशाल नाटकं करा. जाता जाता विचारलं, "वर काही काम काढलंय का?"

"छे! वर एक खिळासुद्धा ठोकलेला नाही," मी म्हटलं.

खरंच आहे ते. सामान इकडचं तिकडे ठेवणं म्हणजे काही बांधकाम नव्हे.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. आजारपणानंतर ते मोजकंच बोलतात, आणि त्यातलंही माझ्या वाट्याला कमीच येतं. ऐकून घेतलं आणि विचारलं, "धाकट्याची तालीम कशी चाललीय?" मी म्हटलं, उत्तम. आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आपटली.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आज मुख्य पडदा नीट बंद होईना. तो मखमली पडदा म्हणजे आमच्या कंपनीचं नाक. खालची किनार जमिनीपासून बोटभर वर तरंगायला हवी. आज ती जमिनीला टेकून फरफटत होती, धूळ गोळा करत.

कपडेपटाचे मास्तर गुडघे टेकून बसले, किनार दोन बोटांत धरून चोळली आणि डॉक्टरसारखं तोंड केलं. "मखमल आहे ताई. स्वतःच्या वजनानं उतरते. माणसाचं पोट उतरतं ना वय झाल्यावर, तसं."

"मग इतकी वर्षं नाही उतरली ती?"

"वय व्हायला वेळ लागतोच की."

उद्या सकाळी किनार वर घेऊन शिवतो म्हणाले.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

शिवली. मास्तरांचा हात म्हणजे हात आहे. कुठं दुमडलंय ते मलाही सांगता आलं नाही. पडदा पुन्हा झुळकन सरकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काम चाललं असताना मी तिथंच खुर्ची टाकून वर बघत बसले होते. आजोबांचं डोकं किती चालायचं! रंगमंचाच्या तोंडावर एकच भलीमोठी तुळई टाकली आणि तिच्याकडून दोन कामं करून घेतली. खालून तिला पडदा टांगला, वरून तिच्याच आधारावर माळ्याची फळी टाकली. अर्ध्या साहित्यात सगळं. मास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तुम्हीही त्यांच्यावरच गेलात ताई. एका पगारात चार कामं."

खूप दिवसांनी पोट धरून हसले.

बुधवार, २२ फेब्रुवारी

आज दिवसभर नुसते नखरे. माणसांचे नव्हेत, थिएटरचे.

प्रेक्षागृहाची बाजूची दोन्ही दारं घट्ट बसायला लागलीत. ढकलली तर उघडत नाहीत, उघडली तर लागत नाहीत. सुतारमामा रंधा घेऊन आले. म्हणाले, लाकूड फुगलंय. मी म्हटलं, हवा तर कोरडी आहे. म्हणाले, "कोरड्या हवेत वाकतं." मामांच्या लाकडाला कोणतीच हवा मानवत नाही. दाराच्या वरच्या कडेला रंधा मारला, आता ठीक आहे.

ते खाली उतरल्यावर मी सहज विचारलं, "चौकट तर तिरकी झाली नाही ना?"

"ते मला नका विचारू ताई. मी खोटी घरं बांधणारा माणूस. खरी बांधणारे वेगळे."

दुसरा नखरा रंगमंचाच्या कमानीवर. मधोमध केसासारखी भेग पडलीय. शुभारंभाला अध्यक्ष बरोबर समोर बसणार आणि त्यांना तेवढंच दिसणार. पेंटरला बोलावलं. तो आधी लांबून बघत राहिला, मग शिडीवर चढला आणि त्या भेगेवरच एक वेल काढली. भेगेचाच देठ केला, त्याला दोन्हीकडून पानं. कमानीवर जुनी नक्षी आहेच, तिच्यात ती अशी मिसळली की जन्मापासून तिथं असावी. आजोबा नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, प्रेक्षकाला दिसलं नाही म्हणजे ते नाहीच. आमच्याकडे झाडूवालीलाही हे पाठ आहे.

खरंच, कंपनीत एकेक रत्न आहे. हे सगळं कुलूप लावून सोडून द्यायचं?

रविवार, २६ फेब्रुवारी

आज बाबांना तालमीला आणलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच. धाकट्यानं हाताला धरून त्यांना रंगमंचावर नेलं, सगळे उभे राहिले. बाबा रिकाम्या प्रेक्षागृहाकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांच्या गाजलेल्या स्वगताची पहिली दोन वाक्यं म्हणाले. आवाज पूर्वीचा नाही, पण फेक तीच.

मग ते थांबले. मान तिरकी करून ऐकत राहिले. पुन्हा तीच वाक्यं म्हणाले. पुन्हा थांबले.

"आवाज लवकर परत येतोय," ते म्हणाले.

धाकटा म्हणाला, "बाबा, कान आता—"

"कानाचं नाही सांगत. हे थिएटर मला ठाऊक आहे. शेवटच्या रांगेवरून आवाज परत यायला एक श्वास लागायचा. आता श्वास पुरा होत नाही. लहान झालंय हे."

बाबांना वाईट वाटू नये म्हणून कुणी काही बोललं नाही. गाडीत मी म्हटलं, "खूप दिवसांनी आलात ना, म्हणून लहान वाटलं असेल." माणूस मोठा झाल्यावर शाळेत गेला की बाक लहान वाटतात, तसं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आठवीत नापास झाले तेव्हासुद्धा तसं पाहिलं नसेल.

वय होतंय त्यांचं.

गुरुवार, २ मार्च

तिकिटं खपताहेत! खिडकीवर रांग होती. रांग! मी वरच्या खिडकीतून चोरून बघत होते, लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाला बघावं तशी.

तालमीत मात्र नवं प्रकरण. दुसऱ्या अंकात धाकटा एकटा जहाजाच्या तळाशी बसलेला असतो. आज तो थांबला आणि त्याच वेळी वरून एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला. कुरकुरत सुरू झाला आणि हळूहळू विरला. सगळे वर बघायला लागले. एक नटी म्हणाली, आजोबा फेऱ्या मारताहेत, आशीर्वाद द्यायला आलेत. धाकट्यानं मात्र चुटकी वाजवली. "हाच! मला हाच आवाज हवा होता. जहाज बोलतंय. मी इथं थांबत जातो, तो येऊ दे, मग पुढचं वाक्य घेतो."

मी म्हटलं, "तो काय तुझा नोकर आहे, वेळेवर यायला?"

"येतो गं ताई. हल्ली रोज येतो. संध्याकाळी दिवे तापले की येतोच."

पडदा पुन्हा टेकायला लागलाय. मास्तरांना सांगितलं तेव्हा या वेळी त्यांना विनोद सुचला नाही. किनार चोळत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मागच्या वेळी मीच कमी घेतली असेन." मास्तर आणि चुकून कमी घेतील? त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, होतं हो मास्तर, कुणाचंही होतं.

सकाळी मधल्या रांगांवर पांढरी भुकटी पडलेली असते. प्रयोगापर्यंत खुर्च्यांवर चादरी टाकून ठेवायला सांगितल्यात.

सोमवार, ६ मार्च

आज मन कशातच लागलं नाही. भीती वाटते, पण कशाची ते बोट ठेवून सांगता येत नाही. प्रेक्षागृहात शिरलं की खांदे आपोआप आत ओढले जातात. धाकट्याला सांगितलं तर म्हणाला, "याला शुभारंभाची धडधड म्हणतात. आम्हा नटांना दर वेळी होते, तुला पहिल्यांदाच कळतेय."

असेल. पण दुपारी इंजिनियरना फोन लावला होता. तिकडे घंटी वाजत असताना मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. काय सांगणार मी? पडदा लांब झालाय? ते म्हणाले असते, शिंपी बोलवा. दार घट्ट झालंय? सुतार बोलवा. भेग? तिच्यावर तर आता इतकी सुंदर वेल आहे. एकेक गोष्ट उच्चारायला गेलं की हास्यास्पद वाटते, आणि एकेक गोष्ट आम्ही दुरुस्तही केलेली आहे. शिवाय आले तर बांबूची परांची बांधतील, खुर्च्या हलवा म्हणतील, तारीख पुढे ढकला म्हणतील. तारीख ढकलली की अध्यक्ष किल्ल्या मागायला हजर.

त्यांनी फोन उचलायच्या आत मी ठेवून दिला. मग त्यांचाच उलटा फोन आला. मी म्हटलं, चुकून लागला.

वेलीला आज पेंटरनं आणखी पानं काढली. ती आता कमानीवरून उतरून उजव्या भिंतीवर आलीय. काढता काढता तो म्हणाला, "हिला पाणी कोण घालतंय, ताई?" सगळे हसले. मीही हसले.

गुरुवार, ९ मार्च

हाऊसफुल्ल! पाटी मी स्वतःच्या हातानं लावली. अध्यक्षांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "तिकिटं खपणं वेगळं आणि माणसं येऊन बसणं वेगळं. परवा बघू." जळका मेला. येऊन बसतील, मांडीला मांडी लावून बसतील.

तळघरात बसायला म्हणून ठेवलेली जुनी बाकंही आज वर गेली. छोट्या थिएटरसाठी नव्या खुर्च्या आल्यात ना. मामा कुरकुरले, पण जागा झाली.

प्रवेशद्वाराशी मांडायला आजोबांच्या पहिल्या नाटकातलं सिंहासन हवं होतं, म्हणून मी स्वतः माळ्यावर गेले. सामान नेल्यापासून पहिल्यांदाच. आणि चिडलेच! मामांची ती शिस्त कुठं गेली कोण जाणे. सगळं सामान मधोमध एकमेकांच्या अंगावर रेललेलं. खांब जिन्यांवर, जिने होडीवर, जत्रेत ढकलाढकली व्हावी तसे. सिंहासन ओढून काढताना एक वजन सुटलं. ते कुणी न ढकलता गडगडत मधे गेलं आणि तिथं जाऊन थांबलं. फळीवर चालताना मलाही उतारावरून चालल्यासारखं वाटत होतं. चक्कर असेल. दोन दिवस धड जेवलेले नाही.

खाली येऊन मामांवर तोंड सोडलं. ते बिचारे ऐकून घेत होते. म्हणाले, "मी सरळच रचलं होतं ताई. शप्पथ."

"मग काय ते चालत गेलं?"

मामा पाचरी घेऊन वर गेले आणि एकेका वस्तूखाली ठोकून सगळं जागच्या जागी घट्ट केलं. ठोकठोक खाली ऐकू येत होती. नट वैतागले, पण आता काही हलायचं नाही.

परत आल्यावर मामा म्हणाले, "प्रयोग झाला की हे सगळं खाली काढू या का?" मी म्हटलं, खाली कुठं काढणार? तळघरात तर आता थिएटर आहे. तर म्हणाले, हो, तेही खरंच.

शनिवार, ११ मार्च

दुसरी घंटा झालीय. ऑफिसात येऊन घाईघाईनं लिहितेय, कारण हा दिवस लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी मास्तरांनी किनार पुन्हा वर घेतली. पडदा बंद केल्यावर एक टाका तटकन उसवला. तो त्यांनी उभ्या उभ्या घातला, पडद्याच्या आत लपून, प्रेक्षक यायला लागले तेव्हा. दारं आज दोघांनी ओढावी लागताहेत. मामांना पुन्हा रंधा मारायला वेळ मिळाला नाही. मध्यंतरापर्यंत उघडूच नका असं दारावरच्या दोघांना बजावलंय. उगीच प्रयोगात करकर नको, आणि उजेडही आत नको.

आता खरी गोष्ट. बाबांना आणलं तेव्हा ते आत शिरले, उंबऱ्यातच थांबले, वर पाहिलं आणि म्हणाले, "मला दाराजवळ बसव."

"तुमची जागा मधल्या रांगेत आहे, बाबा. बरोबर मधे."

"दाराजवळ बसव म्हणतो ना."

मला वाटलं, यांना मधेच उठून जायचंय. माझी हौस अर्ध्यावर टाकून. इतक्या वर्षांचं साचलेलं मी लोकांसमोर बोलून टाकलं. म्हटलं, "धाकट्याच्या प्रत्येक प्रयोगाला तुम्ही मधोमध बसलात. आज हे थिएटर मी भरलंय. मी! आणि आज तुम्हाला दार हवंय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी हात पुढे केला. "बरं. तू म्हणशील तिथं."

तू म्हणशील तिथं. जन्मात हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मी त्यांना धरून नेलं, खुर्चीवर बसवलं, शाल नीट केली. माझे डोळे भरून आले होते. ते त्यांना दिसू नये म्हणून मी खाली वाकून त्यांच्या चपला सरळ केल्या.

"तू कुठं बसतेस?" त्यांनी विचारलं.

"मी कुठं बसते, बाबा? व्यवस्थापकानं मागं दाराशी उभं राहायचं असतं. तुम्हीच शिकवलंत."

"आज मग तिथंच उभी राहा," ते म्हणाले. माझं मनगट धरलं होतं, चांगलं घट्ट. "दाराशीच राहा. ऐकतेस ना? आत येऊ नकोस."

माझ्या कामाचा मान ठेवला त्यांनी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, नाही, आज मी तुमच्याजवळच बसणार. ते मान हलवत राहिले, नको नको म्हणत राहिले. भिडस्तपणा, दुसरं काय. म्हातारपणी माणूस किती मऊ होतो.

त्यांच्या शेजारची खुर्ची अध्यक्षांच्या पत्नीची होती, त्या आल्या नाहीत. मी आत्ता ऑफिसच्या प्रेक्षागृहाकडच्या खिडकीतून पाहिलं. वरपासून खालपर्यंत माणसंच माणसं. अध्यक्ष मान वळवून वळवून रांगा तपासताहेत आणि त्यांना मोकळी दिसतेय ती तेवढी एकच खुर्ची. त्यांना बोट दाखवायला तेवढीही ठेवायची नाही.

तिसरी घंटा झाली. बाबा मागे वळून माझ्या नेहमीच्या जागेकडे बघताहेत, मी तिथं उभी आहे का ते पाहायला. त्यांना वाटतंय मी ऐकलं. दारं लावून घ्यायला सांगते आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसते.